शिवारातली डीपी

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ५२ वर तामलवाडी लागते. महामार्गावर टोलनाका, आत विहिरी-बोअरच्या पाण्यावर उभी असलेली रानं आणि मधूनच दोन खांबांमध्ये बसवलेली करडी लोखंडी टाकी. कागदोपत्री ती वितरण रोहित्र, शिवारात डीपी. लाईट किती वाजता येणार, याच्या खालोखाल शेतकऱ्याला घोर असतो तो डीपी तग धरेल का याचा.

या टाकीत फिरणारा एकही भाग नाही. तरी वरून ११,००० व्होल्टने आलेली वीज खाली ४३३ व्होल्टची होऊन उतरते. आत सिलिकॉन पोलादाच्या पातळ पत्र्यांचा गाभा आणि त्यावर प्रत्येक फेजची दोन वेटोळी. वरच्या लाईनचं वेटोळं बारीक तारेचं, पुष्कळ वेढ्यांचं. मोटारींकडे जाणारं जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं. नेहमीच्या जोडणीत ४४ वेढ्यांना एक असं प्रमाण पडतं. ही वेटोळी एकमेकांना कुठेही टेकत नाहीत. मध्ये कागद आणि तेल असतं. मग वीज पलीकडे जाते कशी?

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी एका लोखंडी कड्यावर अशीच दोन वेटोळी गुंडाळली होती. एकाला बॅटरी जोडताच दुसऱ्याशी जोडलेली सुई हलली आणि लगेच जागेवर आली. बॅटरी काढताना ती उलट्या बाजूला हलली. म्हणजे नुसतं चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलावं लागतं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, त्यामुळे डीपीच्या गाभ्यातलं चुंबकत्व अखंड बदलत राहतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात वीज उभी करतं. डीपीजवळ ऐकू येणारी घूं-घूं त्याचीच: प्रत्येक आवर्तनात गाभ्याचे पत्रे दोनदा ताणले जातात, सेकंदाला १०० वेळा.

हेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन. इंडक्शन शेगडीत ते भांड्याच्या बुडालाच तापवतं. टोलनाक्याच्या लेनमध्ये पुरलेल्या तारेच्या वेढ्यावर गाडी आली की त्याच्याच जोरावर यंत्राला तिचा सुगावा लागतो. सोलापूरजवळच्या उपकेंद्रात त्याचं अवाढव्य रूप आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ केव्हीची रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाशी एक झालं. व्होल्टेज चढवलं की तेवढ्याच विजेला करंट कमी लागतो, तारांमधली गळती घटते. ते चढवायला आणि उतरवायला रोहित्रच लागतं.

बोअरमधली मोटारही याच तत्त्वावर चालते. तिच्या फिरत्या भागाला बाहेरून एकही वायर जात नाही. भोवतीच्या वेटोळ्यांतलं चुंबकत्व मिनिटाला ३,००० फेरे घेतं आणि आतल्या दांड्यांत वीज निर्माण करून त्यांना आपल्यामागे ओढतं. मोटार मात्र २,९०० च्या अलीकडेच राहते. तिने बरोबरी गाठली तर तिच्या दृष्टीने चुंबकत्व बदलणारच नाही आणि ओढही संपेल.

या सोयीची किंमत डीपी मोजते. मोटारीत चुंबकत्व उभं करायलाही करंट लागतो. तो पाणी उपसत नाही, नुसता डीपी ते मोटार येरझाऱ्या घालतो, पण वाटेतल्या तारा आणि वेटोळी तापवतो. ५ एचपीची साधारण मोटार ८ अँपिअरच्या आसपास घेते. ६३ केव्हीएची डीपी ८४ अँपिअर देऊ शकते, म्हणजे दहा मोटारींतच ती भरली. तिच्यावर आणखी जोडण्या आणि आकडे पडले की तेल तापतं, कागद करपतो आणि एक दिवस वेटोळं जळतं.

त्यात ऑटो स्विचची भर. रात्रीच्या पाळीला उठायला लागू नये म्हणून स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. साप-विंचवाच्या अंधारात बांध तुडवायचे नाहीत, हे कारण खरंच आहे. पण लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. दहा मोटारींनी मिळून ४०० अँपिअर मागितले की फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असेल, तर डीपीला आडोसाच उरत नाही.

येरझाऱ्या घालणाऱ्या करंटवरचा उपाय म्हणजे स्टार्टरजवळ लावायचा कपॅसिटर. ५ एचपीला २ केव्हीएआरचा पुरतो. चुंबकत्वासाठी लागणारा बराचसा करंट तो जागेवरच पुरवतो. मोटारीची मागणी ८ वरून पावणेसात अँपिअरवर येते आणि त्याच डीपीवर दोनेक मोटारी जादा चालतात. डीपीच्या देखभालीची खूणही बाहेरून दिसते: टाकीत हवा घेणाऱ्या श्वासनळीच्या काचेतले निळे खडे गुलाबी झाले की हवेतला दमटपणा तेलापर्यंत पोचू लागला, असं समजावं.

तरी बहुतेक स्टार्टरांजवळ कपॅसिटर दिसत नाही. एकट्याने लावला तर फायदा सगळ्यांत वाटला जातो, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत असल्याने बिलातही फरक पडत नाही. डीपी जळाली की मात्र तिच्यावरच्या सगळ्यांच्याच पाण्याच्या पाळ्या बुडतात. म्हणून हे काम एका डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून करायचं आहे: प्रत्येक मोटारीला कपॅसिटर, आणि मोटारी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुरू करण्याचा ठराव. नवी डीपी मागण्याआधी हा खर्च करून पाहावा. तो एका पाळीच्या नुकसानीपेक्षा कमीच निघेल.