१५६ तबकड्यांचा अल्बम: तुकडोजी महाराज, खंजिरी आणि स्मरणशक्तीचं गणित

अमेरिकेतल्या कंट्री-फोक संगीतात 'मैलाचा दगड' ठरलेल्या अल्बमांची यादी कुणीही केली, तरी वुडी गथ्री यांचा १९४० चा 'डस्ट बाउल बॅलड्स' तिच्यात असतोच. गथ्री यांचा जन्म १९१२ चा, ओक्लाहोमा राज्यातला. दुष्काळ, धुळीची वादळं, बुडालेली शेती आणि गाव सोडून कॅलिफोर्नियाकडे निघालेली कुटुंबं त्यांनी जवळून पाहिली. त्यावर गाणी रचली आणि गिटार घेऊन गात हिंडले. १९६७ मध्ये ते गेले.

आता दुसरा एक माणूस घ्या. जन्म १९०९, मृत्यू १९६८. हाही गावोगाव हिंडणारा, गाणी स्वतःच रचणारा आणि स्वतःच गाणारा. विषयही तेच: गाव, गरिबी, शेतकरी, कर्ज, व्यसन. वाद्य एकच, तेही एका हातात मावणारं. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही, मग तो नेरचा असो की राळेगावचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

महाराजांना 'गायक-गीतकार' म्हटलेलं काही गुरुदेवभक्तांना रुचणार नाही, याची कल्पना आहे. पण थोडा वेळ तसं म्हणून बघू. कारण तसं पाहिलं की एक प्रश्न समोर येतो: गथ्री यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम तबकड्यांच्या अल्बमच्या रूपात आलं, आणि हजारो भजनं रचणाऱ्या, आयुष्यभर गाणाऱ्या या माणसाचं सगळ्यात महत्त्वाचं काम १९५५ मध्ये एका ग्रंथाच्या रूपात. कावून? ज्यांच्यासाठी लिहिलं त्यातल्या कितीतरी लोकांना तर वाचताही येत नव्हतं.

याचं उत्तर शोधताना मला स्मरणशक्तीवरचं बरंच संशोधन हाती लागलं. या लेखात मुख्यतः तेच सांगायचं आहे. पण आधी महाराज तिथपर्यंत कसे पोचले ते पाहू.

अमरावती जिल्ह्यातलं यावली हे जन्मगाव. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. शाळा लवकर सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू, आणि 'तुकड्या' हे नाव त्यांनीच दिलेलं. पुढे ते नाव 'तुकड्यादास' म्हणून भजनांच्या शेवटी येऊ लागलं. पोरवयातच रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानावनांत भटकंती झाली. हळूहळू खंजिरी भजनांना गर्दी जमू लागली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला राहून आले. १९४२ मध्ये चिमूर-आष्टीचा उठाव झाला, तेव्हा दगडांचेच बॉम्ब होतील अशा अर्थाचं त्यांचं भजन लोकांच्या तोंडी होतं. ऑगस्टच्या अखेरीस इंग्रज सरकारनं त्यांना पकडलं आणि काही महिने नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. सरकारला भजनाची भीती वाटली, यावरून ते किती लांबवर पोचलं असेल याचा अंदाज करा. रेडिओ खेड्यात नव्हता, वर्तमानपत्र असलंच तर पाटलाकडे.

मग ते पोचलं कसं? थोडं श्रेय खंजिरीला द्यायला हवं. मी भौतिकशास्त्राकडून आलेला असल्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

लाकडाची एक कडी, एका बाजूला ताणलेलं कातडं आणि कडीच्या खाचांत सैल बसवलेल्या धातूच्या चकत्या. एवढंच वाद्य. तबल्यावर किंवा मृदंगावर शाई असते. ती नेमकं काय करते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मधल्या एका टिपणात मांडलं होतं: शाईच्या वजनामुळे कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्णपटींजवळ येतात, दुप्पट, तिप्पट असे, आणि म्हणून तबला सुरात लागतो. खंजिरीला शाई नाही. मोकळ्या गोल पडद्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे येतात. त्यामुळे खंजिरीला पक्का सूर नसतो.

संगीताच्या परीक्षेत हा दोष ठरेल. गावाच्या चावडीसमोर मात्र फायदाच. वाद्य कुठल्याच पट्टीत नसेल तर गाणारा आपल्याला झेपेल त्या पट्टीत गातो, पोरं वरच्या सुरात, म्हातारे खालच्या, आणि कुणाचंच वाद्याशी भांडण होत नाही. वाद्य लावण्यात वेळ जात नाही. चकत्यांचा आवाज बराच उंच कंपनसंख्येचा असतो. गाणाऱ्याच्या शब्दांची बहुतेक ऊर्जा त्याखाली राहते, म्हणून ठेका ऐकू येतो आणि शब्दही झाकले जात नाहीत. शिवाय साथीदार लागत नाही. हार्मोनियम आणि तबला असला तर चांगलंच, नसला तरी अडत नाही.

म्हणजे सुट्या भजनासाठी सगळं जुळून आलं होतं. पण सुट्या भजनाला मर्यादा असते. एका भजनात तुम्ही दारू सोडा म्हणू शकता, फार तर का सोडायची ते सांगू शकता. गाव स्वच्छ कसं ठेवायचं, गुरं कशी पाळायची, संघटन कसं करायचं, बायकांच्या शिक्षणाचं काय, पोराला नुसतं पुस्तकी शिकवून काय होईल, हे सगळं एकमेकांशी जोडून सांगायचं तर पाच-सहा कडवी पुरत नाहीत.

गथ्री यांचीही हीच अडचण झाली होती. त्यांना स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीची आख्खी गोष्ट एका गाण्यात सांगायची होती. चाल त्यांनी एका जुन्या लोकगीताची उचलली, गाणं झालं 'टॉम जोड'. पण त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची. शेवटी गाणं मधोमध कापून दोन बाजूंवर घालावं लागलं. सहा तबकड्या, बारा बाजू, गाणी अकरा: असा तो अल्बम आहे.

ग्रामगीतेचं काय झालं असतं बघू. तिचे ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या. एक ओवी साध्या चालीत म्हणायला अंदाजे १२ सेकंद धरा. तीन मिनिटांत १५ ओव्या, म्हणजे ३१२ बाजू, म्हणजे १५६ तबकड्या! बैलगाडी लागली असती.

दुसरा हिशेब मला जास्त आवडतो. ४,६७५ भागिले ४१ म्हणजे सरासरी ११४ ओव्यांचा अध्याय. १२ सेकंदांनी गुणलं की २३ मिनिटांच्या आसपास. सायंप्रार्थना झाल्यावर, जेवणाआधी, माणसं जेवढा वेळ बसू शकतात तेवढा. योगायोगानं १९४८ नंतर आलेल्या मोठ्या, लाँग-प्ले तबकडीच्या एका बाजूला मावणारा वेळही साधारण इतकाच. रोज एक अध्याय धरला तर ४१ संध्याकाळी.

पण २३ मिनिटं लोक ऐकतील कशावरून? आणि ऐकलं तरी लक्षात राहील कशावरून? इथे संशोधन कामाला येतं.

डेव्हिड रुबिन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. महाकाव्यं, लोकगीतं आणि मुलांची बडबडगीतं न लिहिता पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकतात, यावर त्यांचं १९९५ चं एक मोठं पुस्तक आहे. वांडा वॉलेस यांच्याबरोबर १९८९ मध्ये त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला शब्द ओळखायला सांगायचा. एकदा फक्त अर्थाची खूण द्यायची, एकदा फक्त यमकाची, एकदा दोन्ही. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. मी म्हटलं, 'शेतीचं एक अवजार सांगा', तर तुम्ही नांगर म्हणाल, तिफण म्हणाल, विळा म्हणाल. मी म्हटलं, 'शेवटी -खर येणारा शब्द सांगा', तर साखर, शिखर, काहीही. पण 'शेतीचं अवजार, शेवटी -खर' म्हटलं तर? वखर. दुसरं काही सुचणारच नाही.

त्यांच्या प्रयोगात नेमका हवा तो शब्द फक्त अर्थाच्या खुणेनं १४ टक्के वेळा आला, फक्त यमकाच्या खुणेनं १९ टक्के. दोन्ही मिळून? ३३ टक्के नाही, ९७ टक्के. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. पण वखराचं उदाहरण स्वतःवर करून पाहा, मग पटतं. दोन सैल बंधनं एकत्र आली की जागा एकाच शब्दापुरती उरते.

आता ओवीची रचना आठवा. चार चरण, पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड. ज्ञानेश्वरीपासून चालत आलेली. तुम्ही पहिला चरण म्हटला की दुसऱ्या-तिसऱ्याच्या शेवटाला यमकाची खूण तयार असते, विषय चालू असल्यामुळे अर्थाचीही असते. चौथा चरण आखूड पडतो तिथे श्वास घेता येतो आणि मागच्यांना कळतं की आता आपली पाळी. ग्रामगीता गद्यात लिहिली असती तर यातलं अर्थाचं बंधन तेवढं उरलं असतं. १४ टक्केवालं.

चालीचं काय? वॉलेस यांनी १९९४ मध्ये तेही तपासलं. विद्यार्थ्यांना लोकगीताचे शब्द काहींना गाऊन ऐकवले, काहींना नुसते बोलून. गाऊन ऐकलेले शब्द जास्त लक्षात राहिले. पण एक अट निघाली. एकच कडवं ऐकवलं तर गाण्याचा काही फायदा झाला नाही, उलट बोललेलंच बरं लक्षात राहिलं. तीच चाल पुढच्या कडव्यांना पुन्हापुन्हा आली तेव्हाच चालीनं मदत केली. कारण उघड आहे: चाल हीसुद्धा आधी शिकावी लागणारी गोष्ट आहे. एकदा ती शिकून झाली की पुढे ती सांगते किती अक्षरं बसतील, कुठे थांबायचं, एखादी ओळ निसटली तर कुठे भोक पडलंय.

सिनेमाच्या गाण्यात संगीतकार अंतऱ्यागणिक करामती करतो तेव्हा आपण वाहवा करतो. ओवीची चाल मात्र ११४ वेळा तीच. शहरी कानाला कंटाळवाणी वाटते, आणि मलाही लहानपणी वाटायची. या प्रयोगानंतर त्या एकसुरीपणाकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो.

याच दोघांनी अमेरिकेतल्या एका रेल्वे अपघातावरच्या कंट्री गाण्याचाही अभ्यास केलाय. अपघात १९०३ चा, गाणं 'रेक ऑफ द ओल्ड ९७'. पारंपरिक गायकांकडून तेच गाणं काही महिन्यांच्या अंतरानं दोनदा गाऊन घेतलं. शब्द थोडेफार बदलले होते. पण जो शब्द बदलला त्याच्या जागी आलेला शब्द वजनात, नादात आणि अर्थात बसणाराच होता. म्हणजे आठवण टेपरेकॉर्डरसारखी चालत नाही. गाणारा दर वेळी बंधनांच्या आत राहून गाणं पुन्हा उभं करतो.

इथे माझं मत सांगतो. गथ्री यांच्या अल्बमनं एक आवाज कायमचा पकडून ठेवला, आणि त्याचं मोल मोठंच आहे. आज आपण १९४० चे गथ्री जसेच्या तसे ऐकू शकतो. ग्रामगीतेत महाराजांचा आवाज नाही. गावातल्या कुणीही उठून म्हणावं अशी सोय तिच्यात आहे, आणि म्हणणाऱ्याशिवाय ती अर्धीच राहते. गात गात लोकांपर्यंत पोचण्यात हयात घालवलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं, असं मला वाटत नाही. ग्रंथात भजनाच्या प्रभावावर स्वतंत्र अध्याय आहे, तो उगीच नाही.

म्हणूनच सध्या जे होतंय ते मला खुपतं. ग्रामगीता आता मोबाइलवर, यूट्यूबवर मिळते. चांगल्या गायकांनी, चांगल्या वाद्यमेळात गायलेली. भोंग्यावर ती लावून दिली की प्रार्थना 'झाली', असं काही ठिकाणी चालतं. ऐकायला छानच वाटतं. पण स्मरणाच्या संशोधनात 'उच्चाराचा परिणाम' म्हणून एक पक्की गोष्ट आहे, कॉलिन मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तिला हे नाव दिलं: मनात वाचलेल्या शब्दापेक्षा मोठ्यानं स्वतः म्हटलेला शब्द जास्त लक्षात राहतो. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की दुसऱ्यानं म्हटलेलं ऐकण्यापेक्षा स्वतः म्हटलेलं सरस ठरतं. भोंगा लावल्यावर गावातलं एकही तोंड उघडत नाही. परीक्षेपुरती ग्रामगीता मनातल्या मनात वाचणाऱ्या पोरांचंही तेच.

खरं-खोटं तुम्ही स्वतः तपासू शकता, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एकाच अध्यायातले वीस-वीस ओव्यांचे तीन तुकडे घ्या, आधी न वाचलेले. घरातल्या कुणाला तरी पहिला तुकडा मनात वाचायला द्या, दुसरा मोबाइलवर ऐकवा, तिसरा एका चालीत मोठ्यानं म्हणायला लावा. तिन्हींना वेळ सारखाच द्या. कुणाला कुठला तुकडा कसा द्यायचा हे माणसागणिक बदला, नाहीतर सोप्या तुकड्याचं श्रेय पद्धतीला जाईल. तीन दिवसांनी काही न सांगता विचारा आणि किती चरण आठवले ते मोजा. चुकीचे आठवलेले चरणही लिहून ठेवा. चुकलेला शब्द यमकात आणि वजनात बसतोय का, ते बघायचं आहे.

निदान सहा-सात माणसांवर करा आणि आकडे मला कळवा. आजी-आजोबा असतील तर त्यांचा तक्ता वेगळा ठेवा. त्यांना आधीपासून बरंच पाठ असायची शक्यता आहे.