वाटेवरचे सिंदखेडराजा : एक दिवस थांबून पाहा



आपल्या या पानावर नेहमी लागण, खोडवा, खत आणि पाणी यांचीच बोलणी होतात. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. पण पाणी त्यातही आहेच, ते शेवटी येईल.

शेतकी खात्याच्या कामानिमित्त गावोगाव हिंडताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपली माणसे शिर्डीला जातात, शेगावला पायी वारी करतात, पंढरपूर तर चुकतच नाही. मुले सहलीला रायगड, सिंहगड पाहून येतात. पण ज्या गावावरून आपण बियाण्याला, दवाखान्याला, सोयरिकीला जालन्याकडे दहा वेळा जातो, ते सिंदखेडराजा पुरते पाहिलेले सभासद मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत. राजवाड्याचा दरवाजा गाडीतूनच दिसतो, आपण हात जोडतो आणि गाडी पुढे निघते. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला जे जातात, त्यांना गर्दीत दर्शन होते, गाव दिसत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

जावे कसे

सिंदखेडराजा हे मेहकर-जालना रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. मेहकरकडून येणाऱ्याने सुलतानपूर, बिबी, दुसरबीड असे यावे. बुलढाणा-चिखलीकडून येणाऱ्याला देऊळगावमही, देऊळगावराजा असा रस्ता पडतो. रेल्वेने पाहुणे येणार असतील तर त्यांना जालना स्टेशनवर उतरायला सांगावे.

समृद्धी महामार्गालाही सिंदखेडराजाजवळ उतरण्याची सोय आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला होऊन रस्ता पूर्ण झाला. मात्र त्यावर मोटारसायकल, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे. त्यामुळे फटफटीवाल्यांनी आपला जुनाच रस्ता धरावा. ट्रॅक्टर-ट्रॉलीत माणसे भरून सहल काढू नये, हे वेगळे सांगायला नको.

सगळ्यांत सोपी आपली एस. टी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. म्हणजे घरातल्या आजी फुकट आणि कारभारीण निम्म्यात. खर्चाची सबब राहिली नाही.

जायचे दिवस म्हणाल तर पावसाळा सरता सरता, भाद्रपद-आश्विनात जावे. आडसाली लागण आटोपलेली असते, मोळी टाकायला अवकाश असतो आणि पाऊस चांगला झाला असेल तर तळ्यांत पाणी असते.

फिरावे कसे

एकच सांगणे : गाडी एका जागी लावा आणि पायी फिरा. गाव मोठे नाही. पायात चपला, डोक्याला टोपी किंवा रुमाल, सोबत पाण्याची बाटली आणि लेकरांसाठी दशम्या एवढे पुरे.

सुरुवात राजवाड्यापासून करावी. लखुजीराजे जाधवराव आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला, तो इथे. जिथे आपण उभे राहतो ती जागा नुसती इमारत नाही, हे लेकरांना आधी सांगावे आणि मग आत न्यावे. इथूनच रंगमहालाची कथा सुरू होते. रंगपंचमीला लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवताना पाहून लखुजीराजे थट्टेने जोडा जमल्याचे बोलले आणि मालोजीराजांनी तो शब्द उचलून धरला, अशी ती परंपरेची गोष्ट आहे. आपल्याकडे मांडवात अजूनही ती रंगवून सांगतात.

पुढे नीळकंठेश्वराचे जुने देऊळ पाहावे. तिथून हेमाडपंती धाटणीचे रामेश्वराचे देऊळ पाहावे. काळाकोट म्हणून जी जाडजूड भिंतींची वास्तू आहे, तिच्या भिंतीला हात लावून पाहा. आपल्या नव्या स्लॅबच्या घराची भिंत नऊ इंची, आणि ही फुटांनी मोजायची! पुतळाबारवेत दगडावर कोरलेल्या मूर्ती आहेत. पाणी काढायच्या जागेला एवढी कलाकुसर करणारी माणसे पाण्याला काय मान देत असतील, याचा विचार तिथे आपोआप मनात येतो.

समाधीपाशी थांबावे

लखुजीराजांच्या समाधीपाशी घाई करू नये. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात, लखुजीराजे आणि त्यांच्या मुला-नातवाला दग्याने मारले गेले. एका दिवसात माहेरचा आधार गेला. आणि पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, जिजाऊंच्या पोटी शिवनेरीवर शिवराय जन्माला आले. बाप-भाऊ गमावलेली बाई पोटातल्या जिवाला कशी जपली असेल, हे आपल्या आया-बहिणींना आम्हा पुरुषांनी समजावून सांगायची गरज नाही. ही चार ओळींची हकिकत समाधीसमोर उभे राहून मुलांना सांगा. पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

याच समाधीच्या डागडुजीचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग करीत असताना २०२४ साली एक नवल घडले. खोदताना आधी दगड लागले, मग जुन्या शिवमंदिराचा पाया लागला आणि आणखी खाली, दोन मीटरहून अधिक खोलीवर, शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. सुमारे १.७ मीटर लांब आणि १ मीटर उंच. लक्ष्मी पाय चुरते आहे आणि बाजूला समुद्रमंथनाचा देखावा कोरलेला आहे. दगड आपल्याकडचा काळा पाषाण नव्हे, मऊ जातीचा. म्हणजे ज्या जमिनीवरून पिढ्यान् पिढ्या माणसे चालत गेली, तिच्याखाली एवढे धन होते. आपल्याही वावरात नांगराला कोरीव दगड लागला तर तो बांधावर फेकू नका, पायरीला बसवू नका. तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत कळवा.

आता पाण्याकडे

मला स्वतःला सिंदखेडराजात सर्वांत जास्त वेळ लागतो तो मोती तलावाशी. जाधवरावांच्या काळातला हा तलाव. त्याच्या बांधाचे तोंड एखाद्या किल्ल्यासारखे चिरेबंदी आहे. पाणी साठवायची आणि ते हवे तेवढेच पुढे सोडायची व्यवस्था त्यात केलेली आहे. जवळच चांदणी तलाव, त्याच्या मधोमध तीन मजली वास्तू. पुतळाबारव, सजनाबारव धरले तर एवढ्याशा गावात पाण्याची किती ठिकाणे झाली ते मोजा! हा मुलूख कमी पावसाचा आहे, हे त्या लोकांना आपल्याइतकेच ठाऊक होते. त्यांच्याकडे पंप नव्हता, बोअर नव्हते, वीज नव्हती. म्हणून पडलेले पाणी अडवायचे आणि मोजून वापरायचे, एवढाच मार्ग होता. आपल्याकडे पंप आला, बोअर आले, आणि मोजणे तेवढे सुटले.

याच काळातले एक परदेशी गाव सांगतो, म्हणजे आपल्या गावाची किंमत कळेल. हॉलंड देशात डेल्फ्ट नावाचे जुने शहर आहे. जिजाऊंच्या जन्माआधी चौदा वर्षे, १५८४ साली, त्या देशाचा पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज याला तिथे दग्याने गोळी घालून मारले. भिंतीतली गोळ्यांची भोके त्या लोकांनी आजतागायत जपून ठेवली आहेत. त्याची समाधी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये आहे. जगभरातून पाहुणे येतात, गाडी बाहेर ठेवतात, पायी नाहीतर सायकलने कालव्यांच्या काठाने दिवसभर गाव पाहतात. बघा, दग्याने मारलेला कर्ता पुरुष, त्याची समाधी, पाण्याभोवती वसलेले गाव, सगळे सिंदखेडराजासारखेच. फरक जपणुकीत आहे.

आणि ते पाणी कोण सांभाळते? हॉलंडचा पुष्कळसा भाग समुद्रापेक्षा खाली. आपली अडचण पाणी नसण्याची, त्यांची पाणी उपसण्याची. डेल्फ्टच्या भागाची पाणी मंडळी १२८९ सालापासून चालत आली आहे. बांध, कालवे यांची देखरेख तिच्याकडे. रहिवाशांनी पट्टी भरायची, निवडणुकीने माणसे पाठवायची आणि बांध राखायचा. म्हणजे एका अर्थी पाण्याची सहकारी सोसायटीच की! आपण शेअर घेऊन कारखाना उभा करणारी माणसे. आपल्याला हे समजायला अवघड नाही.

जाता जाता उसाचेही एक नाते सांगून टाकतो. आपल्या बापजाद्यांनी लावलेला को ४१९ हा वाण कोइमतूरचा खरा, पण त्याच्या आईबापांपैकी एक पी. ओ. जे. २८७८. तो डच लोकांनी जावा बेटावर तयार केलेला. तेव्हा हॉलंड आपल्याला वाटते तेवढे परके नाही.

दुसरा दिवस असेल तर

हाताशी आणखी एक दिवस असेल तर लोणार गाठावे. सुलतानपूरवरून फाटा आहे. आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी खारट आणि क्षारयुक्त. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा नाना तर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगामुळे तसे झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर यादीत स्थान मिळाले. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ आणि बारमाही वाहणारी धार अवश्य पाहावी. एक गोष्ट शेतकऱ्याने तिथे मुद्दाम ध्यानात घ्यावी : धारेचे पाणी गोड आणि खाली तळ्याचे खारे. पाणी साचून राहिले, त्याला बाहेर वाट नसली आणि क्षार साठत गेले की काय होते, याचा हा निसर्गाने मांडलेला धडा आहे. चर न काढता उसाला भरमसाट पाणी देणाऱ्याच्या वावरात पांढरा थर का येतो, ते लोणारच्या काठावर उभे राहिले की पटते.

येता-जाता देऊळगावराजाचा बालाजी आहेच. आणि त्याच तालुक्यातले मेहुणाराजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव. खडकपूर्णेच्या धरणाला त्यांचेच नाव आहे. ज्यांना गावाच्या पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांच्या नावाच्या पाण्यावर आज सगळ्यांची पिके उभी आहेत, हेही वाटेत लेकरांना सांगण्यासारखे आहे.

चार पथ्ये

१. भिंतीवर, खांबावर नावे कोरू नयेत. ज्यांनी ती भिंत बांधली त्या गवंड्यांनीही आपले नाव लिहिले नाही.

२. बारवेत, तळ्यात नारळ, प्लास्टिक, निर्माल्य टाकू नये. आपल्या विहिरीत कुणी टाकले तर आपण काय म्हणू, तेवढे आठवावे.

३. कठड्यावर, बुरुजावर लहान मुलांना एकटे सोडू नये. फोटोच्या नादात तर मुळीच नाही.

४. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी दोन शब्द बोलावे. जे फलकावर नाही ते त्यांच्यापाशी असते.

शेवटचे सांगणे

बंधूंनो, हे सगळे नुसत्या हौसेसाठी लिहिले नाही. आपली मुले शिकून पुण्या-मुंबईला चालली आहेत. तिथे त्यांना कुणी गाव विचारले की ती बिचकत बुलढाणा म्हणतात, कारण आपल्या भागात सांगण्यासारखे काही आहे हे त्यांना आपण दाखवलेलेच नाही. ज्याला आपल्या गावचा अभिमान नाही तो गावची जमीन विकायला वेळ लावत नाही. आणि वास्तूचेही तसेच आहे. सरकार चिरे बसवील, पहारा ठेवील, पण शेजारच्या शेतकऱ्याला जी गोष्ट आपली वाटत नाही ती फार काळ टिकत नाही. मोती तलावाचा बांध ज्यांनी बांधला ते चारशे वर्षांपूर्वी गेले. तो पुढे टिकवायचा की गाळाने भरू द्यायचा, हे आता जवळपास राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हाती आहे.

माझी सूचना अशी आहे की प्रत्येक गटाने पंचवीस-तीस सभासदांची कुटुंबासह एक सहल हंगामाआधी काढावी. गट कार्यालयात आपल्या चिटबॉयकडे नावे द्यावीत. सोबत यायला मी तयार आहे. मात्र मोती तलावाच्या बांधावर अर्धा तास बसून ठिबकावर आणि आपापल्या गावच्या तळ्यातील गाळावर बोलायचे, ही माझी अट राहील. भाकरी तुमची, ठेचा तुमचा, विषय माझा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी