थांबण्याचा हिशेब

मेंदूतल्या धमनीवरचा फुगा फुटला, तर तो शक्यतो २४ तासांत बंद करावा, असे २०२३ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अशा रुग्णाला अंधाऱ्या, शांत खोलीत दहा-बारा दिवस नुसते पडून राहायला लावत. हा अडाणीपणा नव्हता. रक्तस्रावानंतर मेंदू सुजलेला असतो, त्यात हात घातला की तो आणखी बिघडतो, हा सर्जनांचा अनुभव होता. १९३७मध्ये बाल्टिमोरला सर्जन वॉल्टर डँडींनी पहिल्यांदा अशा फुग्याला चांदीची क्लिप लावली खरी, पण तो फुगा फुटलेला नव्हताच. १९६८मध्ये हंट आणि हेस यांनी रुग्णांच्या पाच पायऱ्या आखल्या. शुद्धीवर असलेल्यांना लवकर घ्यायचे, गुंगीतल्यांना आधी सुधारू द्यायचे.

पण थांबण्यातही मरण होते. फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्याच दिवशी सर्वाधिक. त्यातून वाचलेल्याच्या रक्तवाहिन्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आखडू लागत. गुठळी विरघळू नये म्हणून औषधे दिली, तर फुगा पुन्हा फुटणे कमी झाले आणि रक्ताअभावी मेंदूचे भाग मरणे वाढले.

तरीही उशिराच्या ऑपरेशनचे आकडे देखणे दिसत, कारण टेबलापर्यंत पोचण्याआधी गेलेला माणूस सर्जनच्या यादीत येतच नसे. कॅसेल आणि टोर्नर यांच्या अभ्यासाचे खरे मोल मला इथे दिसते. डिसेंबर १९८० ते जुलै १९८३, १४ देश, ६८ केंद्रे, ३,५२१ रुग्ण. दाखल होताना ऑपरेशनचा जो दिवस योजला, त्याच खात्यात रुग्ण मोजला. मग तो तोवर जगो वा न जगो. १९९०मध्ये निकाल छापून आला. पहिले तीन दिवस आणि ११ ते १४ दिवस, एकूण फळ सारखेच. ७ ते १० दिवस सर्वांत वाईट. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे वाद मिटला नाही. उत्तर अमेरिकेतले रुग्ण वेगळे काढल्यावर मात्र लवकरचे पारडे जड निघाले.

निकाल बरोबरीत सुटूनही सर्जन घाईकडे वळले. क्लिप बसली की रक्तदाब चढवून आखडलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता येते. उघड्या फुग्यावर ते धाडस कोण करणार? पुढे निमोडिपिन हे औषध आले, मग कवटी न उघडता भरायची कॉइल.

आता भांडण तासांचे आहे. पुन्हा फुटणारे बरेच फुगे पहिल्या काही तासांतच फुटतात. तेवढा वेळ निभावायला नेदरलँड्समध्ये ९५५ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना निदान होताच गुठळी विरघळू न देणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिले. २०२१मध्ये उत्तर आले: सहा महिन्यांनंतरच्या स्थितीत सुधारणा नाही.