ससा घरी आणण्यापूर्वी

मराठीत 'ससा' हा शब्द एकच असला तरी त्यात दोन निरनिराळे प्राणी मोडतात. आपल्या साखऱ्याच्या शिवारात सोयाबीन काढताना पायाखालून उसळी मारून पळतो तो रानससा, आणि शहरातील दुकानात पिंजऱ्यात बसलेला, पांढरा, लाल डोळ्यांचा तो पाळीव ससा. पाळीव सशाचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे आहे. या दोघांचा आपसात संकरही होत नाही. चंद्रावर आपल्या पूर्वजांना जो ससा दिसला व ज्यावरून शशांक हे नाव आले, तो रानातलाच.

हा भेद प्रथम सांगण्याचे कारण असे की, सुगीच्या दिवसांत मुले रानातून सशाची पिल्ले उचलून घरी आणतात. आई जवळ दिसत नाही म्हणून ती अनाथ आहेत असे वाटते. वास्तविक रानसशाची पिल्ले अंगावर केस व डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात, आणि आई त्यांना गवतात दडवून दिवसभर मुद्दाम दूर राहते. पाजण्यासाठी ती अंधारात येते. घरी आणलेले पिल्लू बहुधा गाईचे दूध पाजूनही दगावते. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानसशाला संरक्षण आहे. त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा होतो. तेव्हा ते पिल्लू जिथे सापडले तिथेच ठेवून यावे, हेच त्याचे भले.

पाळायचा तर पाळीव ससाच, आणि त्याच्यासाठी दुकानापेक्षा प्राण्यांच्या आश्रयस्थानाचा रस्ता आम्हाला अधिक योग्य वाटतो. ही कल्पना आपल्याला परकी नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईत 1834 साली पांजरपोळ उभी राहिली, आणि प्राण्यांना होणाऱ्या क्रूरतेला आळा घालणारी मुंबईची संस्था 1874 ची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तर 1988 साली केवळ सशांसाठी 'हाउस रॅबिट सोसायटी' स्थापन झाली. सशासाठी वेगळी संस्था कशाला, असे कोणी हसून विचारील. उत्तर सोपे आहे. ईस्टरच्या सणाला तिकडे हौसेने ससे घेतात आणि हौस फिटली की सोडून देतात.

आपल्याकडेही याहून वेगळे घडत नाही. आपली मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जातात, भाड्याच्या खोलीत राहतात आणि कधीतरी बाजारातून एक जोडी आणतात. विकणारा सांगतो, दोन्ही माद्या आहेत. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणे जाणत्यालाही अवघड, त्यामुळे चार-सहा महिन्यांनी खरे काय ते कळते. गर्भकाळ जेमतेम एक महिना, एका वेताला पाच-सहा पिल्ले, आणि मादी व्यायल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. आम्ही बँकेत चक्रवाढ व्याजाचा हिशेब रोज पाहतो, पण या हिशेबापुढे तो फिका पडतो. 1859 साली ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी 24 ससे मागविले, आणि पन्नास वर्षांत सशांनी त्या खंडाचा मोठा भाग व्यापला.

मग घरमालक ओरडतो, आणि ससे टेकडीवर नाहीतर शेतात 'मोकळे' केले जातात. सोडणाऱ्याला आपण पुण्य केले असे वाटते. पांढऱ्या रंगाचा, पिंजऱ्यात वाढलेला, बीळ न पाहिलेला तो जीव कुत्र्यांच्या तावडीतून एक रात्रही सुटणे कठीण. प्राण्याला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये! एवढ्या रकमेत सशाची आठवड्याची भाजीही येत नाही.

आश्रयस्थानातील ससा बहुधा असाच सोडलेला असतो. तो वाढलेला असल्याने नर की मादी हे ठाऊक असते, स्वभाव कळलेला असतो, आणि चांगल्या ठिकाणी नसबंदी करूनच देतात. मादीच्या बाबतीत याचे महत्त्व फार, कारण नसबंदी न झालेल्या माद्यांत उतारवयात गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो. तेथील लोक ओळखपत्र मागतात, घरात कोण कोण आहे, कुत्रे-मांजर आहे का, गावाला गेल्यावर कोण पाहील, असे प्रश्न विचारतात. काहींना त्याचा राग येतो. आम्हाला येत नाही. कर्जाला जामीनदार मागतो तसेच हे आहे. ससा नीट ठेवला तर आठ ते बारा वर्षे जगतो. आठवीतल्या मुलीने आणलेला ससा ती पदवी घेऊन नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकतो. विद्यार्थी मित्रांनी हा हिशेब आधी मांडावा.

त्याच्या खाण्याविषयी चित्रांच्या पुस्तकांनी फार गैरसमज केला आहे. गाजर हे त्याचे जेवण नव्हे. त्यात साखर जास्त, म्हणून तुकडाभरच द्यावे. मुख्य अन्न म्हणजे वाळलेले गवत, तेही दिवसभर समोर हवे. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. हिरवी हराळी चालेल, पण फवारणी झालेल्या कपाशीच्या बांधावरची नको. आपल्याच मऊ लेंड्या तो खातो, हे पाहून किळस करू नये. त्यातूनच त्याला जीवनसत्त्वे मिळतात. कान धरून उचलू नये, आंघोळ घालू नये. माणसांच्या औषधांतली पेनिसिलिनच्या जातीची गोळी तोंडावाटे दिली तर ती त्याच्या जिवावर बेतते. बारा तास खाल्ले नाही आणि लेंड्या थांबल्या तर सकाळची वाट पाहू नये. आपल्याला परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तेथे विचारावे.

आणि ऊन. सशाला घाम येत नाही. पारा तिशीपलीकडे गेला की तो धापा टाकू लागतो, तर आपल्याकडे वैशाखात पारा चाळीस ओलांडतो. पत्र्याच्या घरात त्याला ठेवू नये. गारवा असलेली जागा, फरशीचा तुकडा, ओले पोते आणि पाण्याचे जड भांडे लागते. पुण्या-मुंबईहून ससा आणायचा असेल तर दिवाळीनंतरचा थंडीचा काळ निवडावा, आणि प्रवास रात्रीचा करावा.