कलमाखालची ओळ

संपादकांना या लेखात हवा होता सुधारक स्पेरान्स्की: खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा, रशियाच्या झार पहिल्या अलेक्झांडरचा विश्वासू, १८०९च्या राज्यसुधारणेच्या आराखड्याचा कर्ता, १८१२चा हद्दपार. मी मात्र त्याच्या उतारवयातल्या एका कचेरीत अडकलो.

१८२६ साली नवा झार पहिला निकोलस याने कायदे संकलित करायला आपल्या खासगी कचेरीचा ‘दुसरा विभाग’ उघडला. नावापुरतं प्रमुखपद कायदेपंडित बालुग्यान्स्कीकडे, खरी सूत्रं स्पेरान्स्कीकडे. १६४९च्या संहितेनंतर फर्मानांचा नुसता ढीग साचला होता. नव्या संहितेसाठी झार पीटरपासून आयोगावर आयोग बसले. सम्राज्ञी कॅथरीनने १७६७मध्ये देशभरातून प्रतिनिधी बोलावले. संहिता काही झाली नाही. स्पेरान्स्कीने आधी दफ्तरं उपसली. १६४९ ते १८२५ या काळातले तीस हजारांवर कायदे तारीखवार लावून १८३०मध्ये ४५ खंड छापले. त्यांतून चालू कायदे वेचून विषयवार १५ खंड रचले, ते १८३२मध्ये निघाले.

या १५ खंडांत प्रत्येक कलमाखाली बारीक टाइपात एक टीप असते: मूळ कायद्याचं साल, तारीख, क्रमांक. मला वेड लावलं ते तिने. संकलनाचे नियम साधे: पुनरुक्ती गाळायची, दोन कायदे भांडले तर नंतरचा धरायचा, पदरचं काही घालायचं नाही. आणि हे सगळं कुणालाही पडताळता यावं. पहिल्याच कलमात सम्राटाची अनिर्बंध सत्ता सांगितली आहे. तिच्या आधारांत पीटरचे १७१६चे लष्करी नियमही आहेत. सत्तेलाही आपला दाखला द्यायला लावणारी ही शिस्त मला १८०९च्या आराखड्याहून मोठी वाटते.

पण हीच शिस्त काळजीत टाकते. जे आधीच कायद्यात होतं तेच लिहायचं, म्हणून भूदासांची गुलामीही नवव्या खंडात कलमवार, साधार बसली. स्पेरान्स्कीला पुढची पायरी हवी होती, कायदे सुधारून नवी संहिता रचायची. निकोलसला ती नको होती. जानेवारी १८३३मध्ये त्याने स्वतःच्या छातीवरचं सेंट अँड्र्यूचं पदक काढून स्पेरान्स्कीला लावलं आणि जुन्याच कायद्यांवर शिक्कामोर्तब केलं.

१ जानेवारी १८३५पासून खंड लागू झाले. नवी फर्मानं सुटतच होती, पुरवण्या वाढत गेल्या. कायदा शिकलेले न्यायाधीश विरळा, आणि खटले १८६४च्या न्यायसुधारणेपर्यंत बंद दाराआड, कागदांवरच चालत. स्पेरान्स्की १८३९मध्ये वारला. दिवाणी कायद्याची नवी संहिता पुढच्या पिढ्यांनाही मंजूर करून घेता आली नाही; साम्राज्य कोसळलं तेव्हाही दिवाणी दावे स्पेरान्स्कीच्या दहाव्या खंडावरच चालले होते.