अननसाच्या भावंडांना थंडीपेक्षा ओली माती वाईट

तर मंडळी, आजचा एपिसोड जर्मनी, इंग्लंड, कॅनडासारख्या थंड देशांत राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांसाठी. विषय आहे घरात कुंडीत वाढवायची ब्रोमेलियाड्स. नाव जड वाटेल, पण या कुळातलं एक झाड तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे: अननस.

नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो, पानांच्या मधल्या वाटीत पाणी भरा. गुझमानिया, एकमियासाठी तो बरोबर आहे. त्यांच्या बऱ्याच जाती रानात झाडांवर राहतात, मुळं मुख्यतः धरून ठेवायला. पण अननस, क्रिप्टँथस, डायकिया ही जमिनीवरची मंडळी. ती मुळांनीच पाणी पितात. त्यांना वाटीचा नियम लावणं म्हणजे दुसऱ्याच ॲपचं डॉक्युमेंटेशन वाचण्यासारखं आहे.

खरा घोळ हिवाळ्यात होतो. ऊन कमी, वाढ जवळपास थांबलेली, कुंडी गार खिडकीत. मुळं पाणी ओढत नाहीत, माती आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि मुळं कुजतात. आता गंमत बघा, मुळं कुजली की पानांना पाणी पोचत नाही, म्हणून झाड तहानलेलं दिसतं. आपण बिचाऱ्याला अजून पाणी घालतो! म्हणून आधी बोट खुपसून माती बघा. वरचा थर कोरडा झाल्याशिवाय पाणी नको, आणि माती भुसभुशीत, पटकन निचरा होणारी हवी.

मुळांना ऊब लागते हे इंग्लंडच्या माळ्यांना 18व्या शतकातच कळलं होतं. चामडं कमावून उरलेली ओकची साल ते खड्ड्यात भरायचे. साल आंबताना गरम व्हायची आणि त्यात अननसाच्या कुंड्या पुरलेल्या असायच्या. भारी जुगाड! आपण निदान कुंडी गार दगडी कट्ट्यावरून उचलून लाकडी फळीवर ठेवू शकतो.

माझं मत विचाराल तर सुरुवात क्रिप्टँथसने करा. मूळचं ब्राझीलचं, छोटं, चांदणीसारखं. त्याला 15 अंशांच्या खाली नेऊ नका. हीटरने हवा कोरडी होते, त्यामुळे काचेच्या बरणीत ते जास्त खूश असतं. उजेड कमी पडला की गुलाबी पानं हिरवट होतात. डायकिया याच्या उलट: भरपूर ऊन हवं, माती कोरडी असेल तर गारठा बऱ्यापैकी सोसते, पण काटे जबरदस्त.

क्रिप्टँथसला फूल आलं की मूळ झाड हळूहळू मरतं. घाबरू नका, केळीचंही तसंच असतं. केळीला मुनवे येतात, तशी याला पानांच्या बेचक्यात पिल्लं येतात, हात लावला तरी सुटतात. ती ओलसर मातीवर नुसती ठेवली की मुळं धरतात. फक्त हे काम वसंतात करा, नोव्हेंबरात नको.