अडीच सुताचा बोल्ट

वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये नट-बोल्टचं एक जुनं दुकान होतं. गेल्या दिवाळीत ते बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकानं काय, बंद होतातच. पण जुन्या जीपला लागणारा अडीच सूत, बारीक आट्याचा बोल्ट न विचारता काढून देणारा माझ्या माहितीतला शेवटचा माणूस त्या गल्ल्यावर बसायचा.

सुरुवातीचा इतिहास भराभर उरकतो. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सुटे भाग इथेच घडू लागले, तरी मापं अमेरिकी इंचाचीच राहिली. देश शेरावरून किलोवर आला, जीपचे बोल्ट आले नाहीत. १९८०च्या दशकात एमएम ५४०ला फ्रेंच प्यूजो घराण्याचं डिझेल इंजिन बसलं आणि एकाच गाडीत दोन चुली मांडल्या गेल्या: इंजिन मिलिमीटरचं, बाकी बरंच काही इंचाचं.

मी रमतो ते १९९०च्या दशकात. लष्करी लिलावातून सुटलेल्या, ‘डिस्पोजल’च्या जीपा तेव्हा आम्हा मध्यमवर्गीयांना परवडायच्या. वसईची खारी हवा त्यांचा पत्रा खायची आणि आम्ही शनिवारी विरार लोकल पकडायचो. मरीन लाइन्सला उतरून नागदेवी स्ट्रीटपर्यंत पायपीट, खिशात नमुन्याचा गंजका बोल्ट. दुकानदार डोक्यावरच्या खुणा आधी बघायचा. तीन रेघा म्हणजे ग्रेड पाच, सहा म्हणजे ग्रेड आठ. मग पिच गेजची पात आट्यांत बसवून उजेडाकडे धरायचा. फट दिसली की पात बदलायची. इंचाला चोवीस आटे जुळले, की मगच खोका उघडायचा.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि आजचा एम-८ बोल्ट आठचा. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. पण एम-८ला इंचात जेमतेम वीसच आटे बसतात. तो भोकात थोडा शिरतो आणि अडतो. घाईतला मेकॅनिक पान्यावर जोर देतो आणि आटे सोलून निघतात. विलीज घराण्याच्या डाव्या चाकांचे नट तर उलट्या आट्याचे. ते ठाऊक नसलेल्यांनी पाइप लावून मोडलेले स्टड मी पाहिले आहेत. त्यावर उत्तर ठरलेलं: ‘साहेब, जुनी गाडी आहे.’ गाडी जुनी होतीच, पण मोडली तुम्ही.

हे सारं पुस्तकात लिहिलेलं होतं. अमेरिकी लष्कराच्या १९४४च्या ‘टीएम ९-८०३’ची झेरॉक्सची झेरॉक्स हातोहात फिरायची, पानापानावर ग्रीसचे अंगठे. तेही पुस्तक युद्धातल्या जीपचं. नंतरच्या सीजे-३बी मॉडेलचं इंजिन वेगळं आणि उंच, म्हणून तर तिचं बॉनेट वर आलेलं. तिचं पुस्तक वेगळं शोधावं लागे. आज ही पुस्तकं फोनवर फुकट मिळतात आणि कुणी उघडत नाही.

नव्वदच्या दशकानंतरची वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. २०१० मध्ये थार आली, २०२० मध्ये नवी थार आली आणि जीप ही फॅशन झाली. जुन्या गाड्यांना रुंद टायर आणि एलईडीच्या पट्ट्या लागल्या. आणि जे भोक हट्ट करील ते ड्रिलनं मोठं करून मेट्रिक टॅप मारायचा, हा रिवाज झाला. वालीव-सातिवलीत लेथ आजही फिरतात, पण चार बोल्ट मागितले तर ‘शंभर नग असतील तर बोला’. इकडे २०२१च्या केंद्रीय नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा खास क्रमांक मिळतो. कागदावर मान आणि गॅरेजमध्ये ड्रिल, अशी सध्याची स्थिती आहे.

तुमच्या वाडीत एखादी जीप ताडपत्रीखाली असेल, तर एवढं करा. काढलेले बोल्ट एकाच डब्यात ओतू नका. जागेची चिठ्ठी लावून वेगळे ठेवा. पिच गेज विकत घ्या. आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, बसवून मूळ माप परत आणा. मेकॅनिकच्या हाती पाना देण्याआधी तुमच्याच मॉडेलचं पुस्तक द्या. योग्य बोल्ट मिळायला महिना लागला तरी थांबा. जीप इतकी वर्षं थांबलीच आहे.